दोघंही वर्ग ३

आमच्या घरात दोन मुलं आहेत आणि दोघांच्याही रक्ताच्या अ‍ॅलर्जीच्या रिपोर्टवर शेंगदाण्यापुढे ‘वर्ग ३’ असं छापलेलं आहे. थोरला नऊ वर्षांचा. शाळेतून आला की आधी चिक्की तोंडात जाते, मग बूट निघतात. धाकटी चार वर्षांची, तिला कुटाचा हात लागलेला चमचाही चालत नाही. थोरल्याचा आकडा ५.६, धाकटीचा ३.९. म्हणजे जो खातो त्याचा जास्त आणि जिला त्रास होतो तिचा कमी. हे दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजमाप उलटं आलं की ते तसंच सोडून देता येत नाही, सवयच तशी लागली आहे.

सुरुवात झाली चिवड्यापासून. नाशिकला पाहुण्यांपुढे चिवड्याची बशी ठेवणं काही नवं नाही. धाकटी तेव्हा अडीच वर्षांची असेल, तिने आजीच्या बशीतून मूठ भरली. पंधरा-वीस मिनिटांत ओठ सुजले, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या. आई म्हणाली पित्त उठलंय, आणि तिने आमसुलं भिजत घातली. ती भिजेपर्यंत पोरीला दोनदा उलटी झाली, तेव्हा आम्ही गाडी काढली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, रात्रीपर्यंत बसवून ठेवलं आणि बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की हे पित्त नव्हे, ही अ‍ॅलर्जी आहे. कशाची ते मात्र शोधावं लागेल.

चिवड्यात काय नसतं? पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, काजू, कढीपत्ता, वर मसाला. पोहे, डाळं, खोबरं ती नेहमी खायची. राहिले दोन संशयित: शेंगदाणा आणि काजू.

‘रक्त तपासून घेऊ’ हे आपल्याकडे इतक्या सहज तोंडी येतं की त्यात निवड करायची असते हे कोणी सांगत नाही. रक्त घ्यायला घरी आलेल्या मुलाकडे पॅकेजचं पत्रक होतं. एवढ्या पदार्थांची एकदम तपासणी, एकच बिल. ते केलं. चार-पाच पानी रंगीत रिपोर्ट आला: शेंगदाणा लाल, गहू लाल, तूर पिवळी, हरभरा लाल, दूध पिवळं, टोमॅटो पिवळा. रिपोर्टवर विश्वास ठेवला असता तर पोरीला भातावर मीठ घालून वाढावं लागलं असतं. बायको म्हणाली, “अहो, हिने परवा दोन पुरणपोळ्या खाल्ल्यात. हरभरा लाल कसा?”

प्रश्न बरोबर होता. तो घेऊन आम्ही अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रंगीत पानं उलटून बघितली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेली पद्धत बोटाने दाखवली. बरेचसे आकडे आयजीजीचे होते. आयजीजी ही प्रतिपिंडं शरीर रोज खाल्लेल्या अन्नाविरुद्ध बनवतच असतं, ती असणं म्हणजे ते अन्न पोटात गेलंय एवढंच. अ‍ॅलर्जीच्या निदानाला त्यांचा उपयोग नाही, आणि अमेरिका-युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी त्यासाठी वापरू नका असं स्पष्ट म्हटलेलं आहे. झटपट येणाऱ्या अ‍ॅलर्जीत काम करतं ते आयजीई, हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड. “आणि एक लक्षात ठेवा,” डॉक्टर म्हणाले, “जे मूल बिनत्रास खातंय ते रिपोर्ट बघून बंद करू नका. विशेषतः एक्झिमा, म्हणजे अंगावर कोरडे खाजरे चट्टे, असलेल्या मुलांत, चालू असलेलं अन्न महिनोन्‌महिने तोडलं तर नंतर खरीच अ‍ॅलर्जी उभी राहिल्याची उदाहरणं आहेत.”

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला कुठल्याच लॅबचं बिल लागत नाही. प्रश्न विचारले. किती खाल्लं, किती वेळाने झालं, आधी काय दुखलं, त्या दिवशी ताप होता का, कुठलं औषध चालू होतं का. कूट घातलेली भाजी दिली की ती काय करते? बायको म्हणाली, थुंकून टाकते, तोंड चोळते. ते त्यांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. तान्हेपणी अंगावर कोरडे चट्टे होते का? होते, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत. मालिशीला तेल कुठलं होतं? आईने बदामाचं सांगितलं. शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं फुटलेल्या कातडीला लावणं आणि पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होणं यांचा संबंध ब्रिटनमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवला होता, म्हणून तो प्रश्न. कातडीतून ओळख झाली तर शरीर बिथरतं, पोटातून वेळेत झाली तर सरावतं, असा साधारण तर्क. त्याच लॅक यांच्या २०१५ च्या लीप अभ्यासात एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयातच शेंगदाणा सुरू केला. पाच वर्षांची होईपर्यंत त्या मुलांत अ‍ॅलर्जीचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी भरलं. आपल्याकडे लहान मुलाला दाणा देत नाहीत ते घशात अडकेल म्हणून, आणि अख्ख्या दाण्याबाबत ते योग्यच आहे. पण मऊ भातात कालवलेलं कूट ही वेगळी गोष्ट.

मग त्वचेची चाचणी. हातावर थेंब, त्यातून बारीक टोच, पंधरा मिनिटं थांबायचं आणि उठलेली गांध पट्टीने मोजायची. त्यासाठी आठवडाभर आधी अ‍ॅलर्जीचं सिरप बंद ठेवावं लागतं, रक्ताच्या तपासणीला तशी अट नाही. शेंगदाण्याची गांध ९ मिलिमीटर आली, काजूची ३. तीनपासून पुढे पॉझिटिव्ह धरतात, आणि शेंगदाण्याला आठच्या पुढे गेली की लहान मुलात खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता बरीच वाढते. डॉक्टरांना पुरेसं वाटत होतं. पण काजूचा निकाल अधांतरी होता आणि दर वर्षी तुलना करायला रक्ताचा आकडा हाताशी हवा, म्हणून रक्त गेलं.

या वेळी निवडून. पॅकेज नाही, फक्त शेंगदाणा आणि काजू, आयजीई, तेही आकड्यात. शरणपूर रोडच्या लॅबमध्ये रक्त घेतलं, सीरम (रक्तातला पातळ पिवळसर द्रव) वेगळं करून थंड पेटीत मुंबईला गेलं. चाचणी कशी होते हे मी तिथल्या तंत्रज्ञ ताईंना विचारलं आणि त्यांनी कंटाळा न करता सांगितलं. स्पंजासारख्या सेल्युलोजवर शेंगदाण्यातली प्रथिनं पक्की बसवलेली असतात. त्यावर सीरम सोडायचं. त्यात शेंगदाण्याविरुद्धचं आयजीई असेल तर ते तिथे चिकटतं, बाकीचं धुऊन जातं. मग त्या आयजीईला पकडणारं, चमक देणारं दुसरं रसायन सोडायचं आणि प्रकाश मोजायचा. या पद्धतीचं नाव इम्युनोकॅप, मूळ स्वीडनमधल्या उप्साला शहरातलं. आयजीईचा शोध लागला त्यात उप्सालाच्या योहानसन आणि बेनिक यांचा आणि अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका पतिपत्नींचा वाटा, साल १९६६-६७. म्हणजे ‘अ‍ॅलर्जी रक्तात मोजता येते’ ही कल्पना माझ्या वडिलांच्या शाळेच्या दिवसांतली.

आकडा आला ३.९ किलोयुनिट प्रति लिटर. ०.३५ च्या वर पॉझिटिव्ह. त्याच आठवड्यात थोरल्याचाही रिपोर्ट आला. त्याला हिवाळ्यात नाक गळणं आणि दमा असतो, धूळ-परागकणांची तपासणी सांगितली होती. त्या यादीत लॅबच्या पद्धतीप्रमाणे शेंगदाणाही होता: ५.६. आई घाबरली आणि चिक्कीचा डबा कपाटावर गेला.

आमच्याकडे कारखान्यात नवीन गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, आला की आधी त्यावर दोन जॉब, म्हणजे तयार भाग, लावून बघतात, एक चांगला म्हणून माहीत असलेला आणि एक बाद म्हणून माहीत असलेला. दोन्हींना गेज ‘बाद’ म्हणत असेल तर जॉबला दोष देत नाहीत. इथे माझ्याकडे नेमके असे दोन होते. डॉक्टरांना मी असंच सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “गेज खराब नाही, तो वेगळी गोष्ट मोजतो.”

ही चाचणी विचारते: या रक्तात शेंगदाण्यातल्या कशालाही चिकटणारं आयजीई आहे का? शेंगदाण्यात प्रथिनं अनेक. त्यातली काही साठवणीची, बी उगवताना लागणारी. ती भाजली, शिजवली, पोटातल्या आम्लात गेली तरी टिकतात. दुसरी काही गवताच्या, झाडाच्या परागकणांतल्या प्रथिनांची जवळची नातेवाईक. थोरल्याला गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी निघाली होती. त्याचं आयजीई गवतासाठी तयार झालेलं, पण लॅबमध्ये शेंगदाण्यालाही चिकटतं. पोटात गेल्यावर ती नाजूक प्रथिनं मोडतात आणि काही होत नाही. याला संवेदन म्हणतात, अ‍ॅलर्जी नाही. रिपोर्टमध्ये दोन्ही ‘पॉझिटिव्ह’च दिसतात.

वर्गांची भानगड तर अजूनच. वर्ग ३ म्हणजे ३.५ पासून १७.५ पर्यंत काहीही. अमेरिकेतल्या मुलांवरच्या अभ्यासात शेंगदाण्याचा आकडा १४-१५ च्या वर गेला तर खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता ९५ टक्के धरली गेली. म्हणजे त्या एका वर्गाच्या खालच्या टोकाला ‘सांगता येत नाही’ आणि वरच्या टोकाला ‘जवळपास नक्की’, दोघांना एकच लेबल. मी तरी आता रिपोर्टमधला वर्गाचा रकाना बघतच नाही, आकडा बघतो. आणि ही ९५ टक्क्यांची रेघही तिकडच्या मोठ्या दवाखान्यांत पाठवलेल्या मुलांवरून ओढलेली. नाशिकच्या पोराला ती जशीच्या तशी लावायची नसते.

मध्ये एक उपकथा. एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर धाकटीचं रक्त दुसऱ्या लॅबला दिलं. आकडा पहिल्यापेक्षा बराच वेगळा आला आणि घरात दोन दिवस ‘कोणती लॅब खोटी’ यावर खल झाला. कोणतीच नाही. यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. एकक तेच छापलेलं असलं तरी वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. यंत्रावर बसवलेलं शेंगदाण्याचं सत्त्वच वेगळं असतं. तेव्हापासून फाइलवर मी पद्धतीचं नाव लाल पेनने लिहितो.

मग डॉक्टरांनी सांगितली घटकांची तपासणी. अख्ख्या शेंगदाण्याच्या सत्त्वाऐवजी एकेक प्रथिन वेगळं घेऊन त्याविरुद्धचं आयजीई मोजायचं. त्यांना नंबर आहेत: अरा एच १, २, ३, ६ ही साठवणीची. अरा एच ८ बर्च झाडाच्या परागकणाच्या जातकुळीतलं, म्हणजे उत्तर युरोपात त्याचा घोळ जास्त. अरा एच ९ भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत महत्त्वाचं, स्पेनमधल्या रुग्णांत ते ठळक दिसतं. या सगळ्यांत खरी अ‍ॅलर्जी आणि नुसतं संवेदन यांना वेगळं करायला सगळ्यात उपयोगी ठरलंय अरा एच २. पूर्ण पॅनेलऐवजी तेवढंच एक केलं तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही मुलांचं केलं.

थोरला: ०.१० पेक्षा कमी. धाकटी: २.७.

हा कागद मी जपून ठेवलाय. ५.६ आणि ३.९ यांनी जे सांगितलं नाही ते या दोन आकड्यांनी सांगितलं. थोरल्याचं तोंडाने खाण्याचं चॅलेंज, म्हणजे देखरेखीखाली थोडं थोडं खायला घालून बघणं, करायचं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तो रोज चिक्की खातो म्हणता ना? मग त्याचं चॅलेंज रोजच चाललंय.” डबा कपाटावरून खाली आला. अर्थात ही चाचणीही सर्वज्ञ नाही. अरा एच २ शून्य आणि तरी त्रास होतो असे रुग्ण असतात. थोड्यांचं दुखणं दुसऱ्या प्रथिनाशी असतं. थोरल्याने कधी खाल्लंच नसतं तर नुसत्या या आकड्यावर त्याला घरी दाणे दिले नसते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

धाकटीसाठी चॅलेंज नको ठरलं. इतिहास स्पष्ट, टोच ९ मिलिमीटर, अरा एच २ वाढलेलं. तिला मुद्दाम शेंगदाणा खायला घालून हाती नवं काही लागणार नव्हतं.

माझी हौस मात्र फिटली नव्हती. बेसोफिल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची चाचणी आहे, तिच्याबद्दल मी विचारलं. तिच्यात फक्त प्रतिपिंडं मोजत नाहीत. रक्तातल्या बेसोफिल नावाच्या जिवंत पांढऱ्या पेशींना शेंगदाण्याचं सत्त्व दाखवतात आणि त्या खवळतात का ते बघतात. खवळल्या की पेशीच्या आतलं सीडी ६३ हे प्रथिन पृष्ठभागावर येतं, फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्राला ते दिसतं. म्हणजे परीक्षानळीतलं चॅलेंजच म्हणा. लंडनमधल्या मुलांवर २०१४ मध्ये हिचे निकाल चांगले आले, आयजीईने संभ्रम राहतो तिथे विशेष. अडचण अशी की पेशी जिवंत हव्यात, त्यामुळे रक्त ताजं लागतं, जास्तीत जास्त एका दिवसाच्या आत. शिवाय दहातल्या एखाद्या माणसाच्या पेशी कशालाच उत्तर देत नाहीत, त्यांची चाचणी वायाच. “पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला पाठवलं तर?” मी विचारलं. “पोचेल हो,” डॉक्टर म्हणाले, “पण तिकडे कोणी ते तुमच्यासाठी लावून द्यायला हवं ना.” संशोधनाच्या ठिकाणी जे चालतं ते दवाखान्याच्या चिठ्ठीवर मिळतंच असं नाही.

याहून पुढची, बारीक मण्यांवर प्रथिनांचे छोटे छोटे तुकडे बसवून आयजीई नेमकं कुठल्या तुकड्याला धरतं ते बघणारीही चाचणी आहे. तिला जिवंत पेशी लागत नाहीत, थोडं सीरम पुरतं. ऐकायला छान. आमच्या निर्णयात तिने काही फरक पडला नसता.

उरला काजू. आकडा ०.८, टोच ३, काजूतलं अना ओ ३ हे साठवणीचं प्रथिन मात्र निरंक. इथे चॅलेंजला अर्थ होता. त्यासाठी मूल ठणठणीत हवं, सर्दी झाली म्हणून एकदा पुढे ढकलावं लागलं. रुग्णालयात सकाळी, हाताला सुई लावून तयार, एपिनेफ्रिन हे झटका थोपवणारं औषध सिरिंजमध्ये भरून ट्रेवर. काजूची पूड केळ्यात कालवून आधी चिमटीच्याही टोकावर मावेल एवढी, मग दर वीस-तीस मिनिटांनी वाढवत. दर वेळी नर्सताई नाडी, श्वास, अंग बघायच्या. तिसऱ्या घासाला पोरगी म्हणाली, “केळं नको, नुसता काजू द्या.” शेवटचा घास गेल्यावर दोन तास बसवलं, काही झालं नाही. काजू सुटला. त्या दिवाळीत काजूकतली घरी केली, बाहेरची नाही. मिठाईच्या दुकानात काजूच्या नावाखाली शेंगदाण्याची भुकटी मिसळली नसेल याची खात्री कोण देणार?

डॉक्टरांनी एक गोष्ट दोन-तीनदा सांगितली, ती मी आईलाही सांगितली, कारण सांभाळायला तीच असते. यातला कुठलाही आकडा पुढचा झटका किती जोराचा येईल हे सांगत नाही. २.७ आहे म्हणून सौम्य येईल असं नाही. म्हणून एपिनेफ्रिन घरी आहे. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून अ‍ॅम्प्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि बारीक सिरिंज. मात्रा वजनावर, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. बायकोने आणि मी दोघांनी पाणी भरून संत्र्यावर सराव केला. सिरिंजवर मात्रेची खूण मार्करने केली आहे. वजन वाढलं की ती पुसून नवी करायची.

स्वयंपाकघरात सगळ्यात मोठा वाद झाला तेलाचा. आमच्याकडे लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल यायचं, वडिलांचा त्यावर भारी जीव. रिफाइंड तेलातून प्रथिनं जवळपास निघून जातात, अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते सोसतं. घाण्याच्या तेलात ती राहतात. म्हणजे जे तेल चांगलं म्हणून मुद्दाम आणायचो तेच हिला वाईट. आता करडईचं येतं. वडील अधूनमधून उसासा टाकतात. उपासाच्या दिवशी खिचडी दोन कढयांत होते, एक कुटाची आणि एक ओल्या खोबऱ्याची. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचतो. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत शेंगदाणा असल्यास तसं छापणं बंधनकारक आहे, पण सुट्या फरसाणाला कुठलं लेबल?

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पाचातल्या साधारण एका मुलाची मोठेपणी जाते, म्हणून वर्षातून एकदा रक्त देतो. यंदा तीच लॅब, तीच पद्धत: शेंगदाणा ३.१, अरा एच २ चा आकडा १.९. उतरतंय, पण चॅलेंज करण्याएवढं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोजून मापून रोज थोडा शेंगदाणा देत सहनशक्ती वाढवण्याच्या उपचाराबद्दलही बोलणं झालं. अमेरिकेत त्यासाठीची पावडर २०२० मध्ये मंजूर झाली, तेव्हा चार वर्षं आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी. वर्षानुवर्षं रोज घ्यायची आणि मध्ये झटके येऊ शकतात, म्हणून आम्ही तूर्त नको म्हटलं. पुढचं रक्त आता पुढच्या वर्षी, त्याआधी शाळेच्या ताईंना सिरिंज कशी धरायची ते पुन्हा दाखवायचं आहे.